बुद्रुकाच्या वाटेने इराणात

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नोकरीच्या निमित्ताने वर्षभर इस्फहानास राहण्याचा योग आला आहे, निघण्यास अद्याप चार महिन्यांचा अवकाश आहे, तेवढ्यात त्या देशाची ओळख कशी करून घ्यावी, असे तू विचारतोस. ज्याने उभी हयात जमाबंदीच्या दफ्तरात घालवली, त्या माझ्यासारख्याला विचारशील, तर आरंभ आपल्या गावाच्या नावापासूनच करावा. त्या नावापुढचा 'बुद्रुक' म्हणजे फारसीतील 'बुजुर्ग', अर्थात मोठा, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचा 'खुर्द' म्हणजे लहान, हे उताऱ्यांवर सहस्र वेळा लिहूनही माझ्या ध्यानी आले नव्हते. माधवराव पटवर्धनांचा 1925 साली प्रसिद्ध झालेला 'फार्शी-मराठी कोश' चाळताना ते उमगले, आणि त्या दिवसापासून इराण मला परका वाटेनासा झाला. तो कोश मिळव आणि रोज दहा शब्द पाहा. चिटणीस-फडणिसांतील 'नीस' म्हणजे लिहिणारा, आणि गुरुजी पाठीवर थाप मारून 'शाबास' म्हणत, तेव्हा मुळात 'आनंदी राहा' असा आशीर्वाद देत, हे कळल्यावर तुझे तुलाच नवल वाटेल.

परंतु सावधगिरीही येथूनच हवी. आपल्या घरी नांदायला आलेल्या शब्दांनी इकडची रीत उचलली, आणि त्यांचे माहेरही पूर्वीचे राहिले नाही. आपला तमाशा ढोलकीवर रंगतो. त्यांच्याकडे 'तमाशा' करणे म्हणजे नुसते पाहणे. आपण ज्या दिमाखाने मिरवतो, तो शब्द तेहरानात नाकाला लावतात!

माझीच फजिती सांगतो. कोशाचा अंमल नुकताच चढला असता, पुण्याच्या लष्करातील एका इराण्याच्या हॉटेलात चहा-मस्कापाव घेऊन मी गल्ल्यापाशी गेलो आणि मोठ्या ऐटीत दोन फारसी शब्द फेकले. वृद्ध मालक प्रसन्न झाले, हात छातीशी नेऊन म्हणाले, 'काबेल नदारे', म्हणजे आपल्यापुढे याची काय मातब्बरी! शब्दार्थ मला बरोबर कळला, म्हणूनच पैसे खिशात ठेवून, आभार मानून मी चालता झालो. पुढे एका जाणत्या स्नेह्याने सांगितले की, ही 'तारोफ' नावाची शिष्टाचाराची रीत. देणाऱ्याने नको म्हणायचे, घेणाऱ्याने आग्रह करायचा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पैसे मुकाट्याने हातात पडायचे. दुसऱ्या दिवशी मी खजील होऊन गेलो. त्यांनी दोनदा नाकारले, तिसऱ्यांदा घेतले, आणि मिशीत हसले.

तेव्हा घरबसल्या जे शिकशील, ते निर्णय म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून बरोबर ने. वसंतसंपाताच्या सुमारास त्यांचा नवरोज येतो. 'सीन' या अक्षराने आरंभ होणाऱ्या सात वस्तू ते मांडतात. त्यांत सफरचंद, लसूण, सिरका आणि ताटलीत उगवलेले हिरवेगार अंकुर असतात, आणि तेराव्या दिवशी ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडण्याची चाल आहे. हे वाचून तुला आईने नवरात्रात बसवलेला घट आठवेल. खुशाल आठवू दे. मात्र 'हे तर आपलेच' असे म्हणून तेथेच थांबू नकोस, कारण जिज्ञासा अज्ञानाने जितकी मरत नाही, तितकी अशा अर्ध्या ओळखीने मरते. तेरावाच दिवस का, हे तिथल्या एखाद्या आजीबाईला विचार.

एक वही कर. आमच्या दफ्तरी रिवाजाप्रमाणे प्रत्येक पान मधोमध दुमड. डाव्या बाजूस येथे कळले ते लिही, उजवी कोरी ठेव आणि ती इस्फहानास भर. परत आल्यावर वही मला दाखव. दोन्ही बाजूंचा ताळा तंतोतंत जमला, तर जमाबंदीत मी शाबासकी दिली असती. येथे मात्र तू वर्षभर डोळे मिटून राहिलास, असा शेरा मारीन.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका