पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

तुझा संताप अगदी रास्त आहे, तो गिळून टाकू नकोस. आपलंच सिम परत मिळवायचं तर आधार दाखव, पॅन दाखव, अंगठा लाव, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकून घे. कॉल सेंटरला फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, आणि फोनवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगा. तुझ्या नावाने दुसरं सिम काढून नेणाऱ्याला मात्र एक झेरॉक्स, जन्मतारीख आणि पत्ता एवढं पुरलं. खऱ्या माणसाला हेलपाटे आणि चोराला वाट मोकळी! ‘चालायचंच’ म्हणून हे सोडून देऊ नकोस, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

अगं, आपले कागद जातात कुठे ते आधी बघ. डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्याचा नौपाडा, झेरॉक्सच्या दुकानात आपण काय म्हणतो? ‘दादा, व्हॉट्सॲपवर पाठवते, दोन कॉप्या काढा.’ त्या दुकानातला स्क्रीन एकदा नीट निरखून बघ. तुझ्या आधारच्या वर कुणाचा भाडेकरार, खाली कुणाची मार्कशीट, कुणाचा रद्द केलेला चेक, सगळं उघड्यावर. दुकानदार भला माणूस असतो, पण त्या मशीनवर दिवसभरात कोण कोण बसतं ते त्यालाही ठाऊक नसतं. तू तुझ्या फोनवरून मेसेज पुसलास तरी त्याने उतरवून घेतलेली फाईल तिथेच राहते. प्रिंट निघाली की ती समोरच काढून टाकायला सांग. त्यात भिडस्तपणा नको.

झेरॉक्स कोरी तर कधीच देऊ नकोस. त्यावर आडवी सही, तारीख आणि ‘फक्त सिम बदलण्यासाठी’ एवढं लिही, आणि सही थोडी फोटोवर येऊ दे. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार दे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बोटांचे ठसेसुद्धा आधारच्या ॲपवरून लॉक करता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात.

लोकलच्या गर्दीत नेटवर्क गेलं तर आपण लक्ष देत नाही. पण कल्याणला उतरल्यावर सगळ्यांचे फोन चालू आणि तुझ्याच फोनवर ‘नो सर्व्हिस’, असं दिसलं तर कुणी तुझ्या नावाने सिम काढून नेलं आणि ओटीपी त्याच्याकडे जाताहेत अशी शंका घे, घरी जाऊन बघू म्हणू नकोस. मैत्रिणीचा फोन घे. आधी बँकेला कळवून खातं थांबव, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि मग सिम कंपनीकडे वळ. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच घे. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधलंस तर चोरांनीच पेरून ठेवलेला नंबर लागण्याची भीती असते. नवं सिम दिल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. १ जुलै २०२४ पासून बदललेलं सिम सात दिवस दुसऱ्या कंपनीत नेताही येत नाही. पण एवढ्यावर विसंबून राहू नकोस, कारण चेहरा आणि कागद ताडून बघणारा माणूसच ढिला असेल तर नियम कागदावरच राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे गेले की बँकेतले लोक पहिलं वाक्य टाकतात, ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच दिला असणार.’ ते ऐकून खाली मान घालायची नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं की चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. चूक तुझीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसखोरी केली, आणि तू तीन कामाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझं नुकसान शून्य. समजा बोलण्याच्या ओघात ओटीपी तुझ्याच तोंडून गेला, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आपल्याकडे घरोघरी कल्याण जनता, डोंबिवली नागरी, टीजेएसबीची पासबुकं असतात. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं.

हे नुसतं पुस्तकी नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच नियमांच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये परत द्यायला लावले. त्याआधी बँकिंग लोकपालांनी त्यांची तक्रार फेटाळली होती! आणि २०१३ सालचं पुण्याचं प्रकरण तर तू लक्षातच ठेव. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे पूना ऑटो ॲन्सिलरीजच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली. म्हणजे थोडी चूक त्यांचीही होती. तरी माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा करणाऱ्या राज्याच्या आयटी सचिवांनी बँकेला ४५ लाख भरायला सांगितले, कारण ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना नीट शहानिशाच झाली नव्हती. ओळख पटवून घेणं हे त्यांचं काम आहे गं. त्यात ते कमी पडले तर भुर्दंड आपण का सोसायचा?

पण हे सगळं ‘कधी कळवलं’ यावर अडतं, आणि तिथेच आपण कमी पडतो. तोंडी सांगून घरी येतो. तसं करू नकोस. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही माग. ‘मेल करा’ म्हणाले तर तिथेच बसून मेल कर, तक्रार क्रमांक लिहून घे. काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नकोस. तिच्या हातात फार काही नसतं, पण पोच देणं नक्की असतं.

पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ ऐकायला मिळालं तर शांतपणे सांग, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो. तसंही ठाणे, कल्याण, डोंबिवली हे सगळं एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत. ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस त्याच जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच, तक्रार करता येते.

आणि आज रात्री जेवणं आटोपली की आईचा फोन हातात घेऊन दूरसंचार खात्याच्या संचारसाथी या संकेतस्थळावर तिच्या नावावर किती सिम आहेत ते बघ. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच नोंदव. मग तुझ्या नावावरचे बघ, आणि काय निघालं ते मला कळव.