पाड्यावर उपयोगी पडेल असे पुस्तक

मंडळ्यांमध्ये कामाची माहिती द्यायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आशांना सरकार पुस्तके देते, प्रशिक्षण देते, कामाचा मोबदलाही देते. मग आपण पुन्हा चित्रे, तक्ते आणि पुस्तिका कशाला करायच्या?" प्रश्न रास्त आहे. आपण दिलेले दान कशावर खर्च होते हे विचारण्याचा आपणांस हक्कच आहे. मागच्या महिन्यात एका महिला मंडळाने हाच प्रश्न विचारला आणि वेळेअभावी माझे उत्तर अर्धवट राहिले, म्हणून या अंकात ते जरा सविस्तर मांडते. महिला मंडळे आणि तरुण संघ यांना हा लेख अभ्यासासाठी एकत्र वाचता येईल.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि डोंगराळ व आदिवासी भागात वस्त्या विखुरलेल्या असल्याने त्याहून कमी लोकवस्तीलाही एक, असे ठरले. ही बाई बाहेरून आलेली नको, त्याच गावात राहणारी हवी, ही मुख्य अट. आठवीपर्यंतचे शिक्षण अपेक्षित होते, पण तेवढी शिकलेली बाई मिळाली नाही तर ती अट सैल करण्याची मुभाही दिली होती. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर ही मुभा नसती तर कितीतरी ठिकाणी आशाच मिळाली नसती.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली आले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, काही तर गावाने दूर ठेवलेल्या जातींतल्या. या कामासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे छत्तीसगडमध्ये २००२ साली 'मितानीन' कार्यक्रम सुरू झाला. तिथे पाड्यापाड्यावर एक बाई निवडली गेली. आशा योजनेच्या मागे असे अनेक अनुभव आहेत. आपल्या मंडळ्यांमध्ये आरोळे दांपत्याचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांचे काम नेमके काय होते ते पुष्कळांना सांगता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

जामखेडच्या कामात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्या बाया एकदा शिकून घरी गेल्या असे झाले नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, तिथे राहत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत आणि त्यातून पुढचा पाठ निघे. अक्षर न येणारी बाई रोग ओळखायला शिकते, पण एकदाच ऐकून नव्हे. साक्षरतेपेक्षा उजळणीला अधिक किंमत आहे, हे माझे ठाम मत आहे.

सरकारी प्रशिक्षणाची सुरुवात वेगळ्या वळणाने झाली. पहिल्या वर्षी २३ दिवस आणि पाच पुस्तके. त्यांत माहिती पुष्कळ होती. योजना, आजार, आहार, स्वच्छता, सगळे होते. नंतर सहावे आणि सातवे पुस्तक आले, त्यांच्यासाठी चार फेऱ्यांत मिळून २० दिवसांचे प्रशिक्षण ठरले, आणि इथे दिशा बदलली. 'आशाला काय माहीत हवे' याऐवजी 'आशाला काय करता आले पाहिजे' हा प्रश्न पुढे आला. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, बाळाला गुंडाळणे, आईला पाजायला बसवणे. मला ही दोन पुस्तके मनापासून आवडतात. ती नीट वाचली तर आपण स्वतंत्र पुस्तक लिहिण्याची गरज नाही हे लगेच कळते. आपले काम ते पुस्तक पाड्यापर्यंत पोहोचवण्याचे आहे.

या बदलामागे गडचिरोलीचा मोठा वाटा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

इतक्या भेटी कशासाठी? बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे ओळखण्याच्या खुणा पाहा. हातपाय ढिले पडले. दूध ओढणे कमी झाले किंवा थांबले. रडणे मंद झाले किंवा थांबले. पोट फुगले. अंग गार लागते किंवा तापले आहे. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. बेंबीत पू आहे. यांतल्या निम्म्या खुणा 'आधी होते तसे आता नाही' अशा आहेत. रडणे मंद झाले हे ज्या बाईने ते बाळ आधी जोरात रडताना ऐकले आहे तिलाच कळणार. म्हणून प्रशिक्षणात या खुणा नुसत्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आम्ही आशांना दोन भेटींची गोष्ट सांगतो. तिसऱ्या दिवशी बाळ असे होते, सातव्या दिवशी असे आहे, आता सांगा काय बदलले. यादी सांगणारी बाई आणि बदल हेरणारी बाई यांत फार फरक असतो, आणि लेखी परीक्षेत तो दिसत नाही.

श्वास मोजण्याचा पाठ सर्वांत अवघड जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असेल तर तो जलद समजायचा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत पन्नास, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस. कागदावर तीन आकडे. पण बाळ शांत असले पाहिजे, रडत किंवा पीत असताना मोजायचे नाही, पोटावर नजर ठेवायची, घड्याळही पाहायचे आणि मनात मोजतही राहायचे. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून साठ किंवा जास्त आला तर पुन्हा पूर्ण एक मिनिट मोजायचा. साठपर्यंत न चुकता मोजणे हेच जिला जड जाते तिने काय करावे? गडचिरोलीत यासाठी मण्यांचे एक साधन तयार झाले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूचे घड्याळ एका मिनिटाचे. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. म्हणजे बाईला दहापर्यंत मोजता आले की पुरे. साधन माणसाकडे चालत आले, माणसाला साधनापर्यंत ओढत न्यावे लागले नाही. शिक्षणाचे साहित्य बनवणाऱ्या प्रत्येकाने हा लाल मणी डोळ्यांपुढे ठेवावा असे मला वाटते.

आपल्या देणगीतून जे घडते ते याच जातीचे आहे. कापडी बाहुल्या शिवून त्यांत वाळू भरतो. एक दोन किलोची, एक अडीच किलोच्या थोडी वर. प्रत्येक आशा स्वतः बाहुलीला झोळीत घालून काट्याला टांगते आणि वजन वाचते. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे, हे वाक्य ऐकणे वेगळे आणि काटा हलत असताना थांबून वाचणे वेगळे. बाहुलीचा खर्च किरकोळ आहे. खर्च होतो तो वेळेचा, कारण पंचवीस जणींनी प्रत्येकी तीन वेळा वजन करायचे म्हटले की अर्धा दिवस जातो. भाषण वीस मिनिटांत उरकते. घाईत असलेला प्रशिक्षक म्हणूनच भाषण निवडतो.

आता भाषेविषयी. सरकारी पुस्तके प्रमाण मराठीत आहेत. आमच्याकडे घरात पावरी आणि भिली बोलतात. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. 'स्तनपान', 'जंतुसंसर्ग', 'श्वसनाचा वेग' हे शब्द आशा वाचू शकते, पण बाळंतिणीशी बोलताना तिला त्यांचा उपयोग नसतो. 'अंगावर पाजणे' एवढे म्हटले तरी निम्मे काम होते. धर्मशिक्षणाच्या पदविकेत आम्हांला बायबल भाषांतराची रीत शिकवली होती. भाषांतर झाले की मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून ते परत उलट भाषेत सांगून घ्यायचे. जे परत येते त्यावरून काय पोहोचले ते कळते. ही रीत इथे फार कामाला येते. पुस्तिकेचे पान पावरीत वाचून दाखवायचे, मग एका आजीला विचारायचे, "आजी, काय सांगितलं यात?" आजी जे सांगेल ते मराठीत लिहून मूळ पानाशेजारी ठेवायचे.

चित्रांचेही असेच. साहित्य छापण्याआधी पाच प्रती हाताने काढून पाड्यावर नेतो आणि चित्रात काय दिसते एवढेच विचारतो. हात धुण्याचे चित्र दाखवले, त्यात नुसते मनगटापर्यंतचे हात होते. एक बाई म्हणाली, "हात तोडलेत का याचे?" सगळ्या हसल्या, पण छापील चित्रात पूर्ण बाई बसलेली आली. डावीकडून उजवीकडे जाणारी चार चित्रांची ओळ ही सवयीची गोष्ट आहे. जिने पुस्तक फारसे हाताळले नाही ती मधल्या चित्रापासूनही सुरुवात करते. आम्ही एका पानावर एकच चित्र ठेवतो. कागद जास्त लागतो, हे खरे.

सगळ्यांत नाजूक पाठ चटक्यांचा. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की गरम विळ्याने पोटावर चटके देण्याची रीत आहे. ही बातमी शहरात पोहोचली की लोक संतापतात आणि 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतात. मंडळीतही असे बोलताना मी ऐकले आहे. पण वर दिलेल्या खुणा पुन्हा वाचा. फुगलेले पोट ही त्यांतलीच एक खूण आहे. म्हणजे त्या आजीने धोका बरोबर ओळखला होता! तिचे निरीक्षण खरे, उपाय मात्र बाळाला इजा करणारा. असा पाठ 'चटके देऊ नका' या वाक्याने सुरू केला तर आजी उठून जाते आणि पुढच्या वेळी बाळ दाखवतही नाही. आशाने आधी म्हणायचे, "आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत, बाळ बरं नाही." मग, "आता वेळ घालवू नका, दवाखान्यात नेऊ या." माहिती तीच, क्रम बदलला. आशा आणि ती आजी एकाच पाड्यावर आयुष्य काढणार आहेत. आपण प्रशिक्षण देऊन जीपमध्ये बसून परत येतो, हे साहित्य लिहिताना विसरून चालत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही एकच नाटुकले करून घेतो. रात्रीची वेळ, पाऊस, नऊ दिवसांचे बाळ, दूध ओढत नाही, रडणे मंद. एक आशा सासू होते, एक नवरा, एक बाळंतीण. सासू म्हणते, "सकाळी बघू." नवरा म्हणतो, "रस्ता नाही." खऱ्या आयुष्यात रस्ता खरोखर नसतो. १०८ ला फोन लागला तरी गाडी पाड्याच्या खालीच थांबते आणि तिथपर्यंत बाळंतिणीला झोळीत न्यावे लागते. आशाने इथे काय म्हणावे याचे तयार वाक्य आम्ही पुस्तिकेत दिलेले नाही. त्या आपापसांत वाद घालतात, सासूची बाजू घेणारी तर इतकी जोरात बोलते की बाकीच्या गप्प होतात. एवढे मात्र पानावर आहे आणि प्रत्येकीकडून करून घेतो. निघण्याआधी बाळाला उघडे करून आईच्या छातीला, कातडीला कातडी लावून बांधायचे, डोक्याला टोपी घालायची, वरून गोधडी. ओढत असेल तर वाटेतही पाजायचे, ओढत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने, थोडे थोडे. आणि कोणीतरी एक जण बॅटरी घेऊन पुढे चालायचे.