दोन ड्रायव्हर एकमेकांसाठी अडले तर?

प्रश्न : आमच्या लिनक्स बोर्डावर क्लॉक कंट्रोलरला डिस्प्लेच्या फायकडून (PHY, म्हणजे सिग्नल पाठवणारा भाग) क्लॉक हवं, फायला कंट्रोलरकडून. दोन्ही ड्रायव्हर सुरूच होत नाहीत. लोड होण्याचा क्रम बदलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : क्रम बदलून हे सुटणार नाही. ‘प्रोब डिफर’, म्हणजे ‘मला लागणारं अजून आलेलं नाही’, असं सांगणाऱ्या ड्रायव्हरला कर्नल नंतर पुन्हा संधी देतोच. इथे मात्र दोघंही ‘आधी तू’ म्हणत बसलेत. काळजी नको, हार्डवेअर सहसा असं अडत नाही. फायला सुरू व्हायला लागणारं क्लॉक आणि तो पुढे पुरवतो ते पिक्सेल क्लॉक वेगवेगळी असतात. शिवाय पालक क्लॉक (ज्यापासून दुसरं क्लॉक तयार होतं ते) हजर नसतानाही लिनक्स क्लॉकची नोंदणी करू देतं. तेव्हा कंट्रोलरने फायची वाट न पाहता आपली क्लॉक्स नोंदवावीत. पालक आला की जोडणी होते. मॉड्यूलच एकमेकांची फंक्शन्स वापरत असतील, तर सामायिक भाग तिसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवा. ड्रायव्हरमध्ये ‘स्लीप’ घालून वाट पाहणं तेवढं टाळा.