सायकलसाठी नंबरचा चष्मा

प्रश्न : वय ५२, नंबर उणे ३.५, चष्मा प्रोग्रेसिव्ह. पहाटे नाशिक रोडहून सिन्नरला सायकलने जातो. परतताना मोहदरी घाट उतरताना चाकासमोरचे खड्डे धूसर दिसतात. काय करू?

उत्तर : चाकासमोरचा रस्ता तुम्ही भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून पाहता, म्हणून हे होतं. उतारावर ते धोक्याचं आहे. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा कराच. भिंग पॉलिकार्बोनेटचं घ्या, काचेचं अजिबात नको. चेहऱ्याला लपेटणारी फ्रेम रुबाबदार दिसते, पण तुमच्या नंबरला कडेचं चित्र वाकडं दिसू शकतं. कमी वळणाची बरी. दुकानात हेल्मेट घेऊन जा. ते घालून, हँडल धरल्यासारखं वाकून समोर बघा : फ्रेमची वरची कड नजरेच्या आड येते का? दांडी पट्ट्याखाली रुतते का? पहाटे निघता, तेव्हा कायम गडद भिंग नको, फोटोक्रोमिक चालेल.