आधी फोकस, मग दुर्बीण

पोरी, पहिला पगार हातात आला म्हणून ताऱ्यांच्या फोटोंसाठी लगेच दुर्बीण मागवू नकोस. ती घेतलीस की तिला ताऱ्यामागं फिरवणारं माउंट लागतं, आणि चांगलं माउंट बहुतेक वेळा दुर्बिणीपेक्षा महाग पडतं. तुझ्याकडं कॅमेरा आहे. ५० मिमीची एफ १.८ लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. उरलेल्या पैशात जड ट्रायपॉड घे आणि हात न लावता शटर दाबणारा टायमर घे.

मात्र रात्र वाया जाते ती फोकसपायी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नकोस. ऊन-थंडीनं लेन्स फुगते-आकसते, म्हणून बहुतेक लेन्सांचं कडं त्या खुणेच्याही पुढं फिरतं. ऑटोफोकस बंद कर, स्टॅबिलायझर बंद कर, छिद्र पूर्ण उघड. लाइव्ह व्ह्यूत ठळक तारा धर: थंडीत व्याध, उन्हाळ्यात चित्रा किंवा स्वाती. तो दहापट मोठा करून कडं अगदी सावकाश फिरव. सगळ्यात बारीक झाला असं वाटलं तरी थांबू नकोस. पुढं जाऊन त्याला पुन्हा पसरू दे, मग मागं ये. फोकसच्या एका बाजूला ताऱ्याची कड तांबूस दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी; तुझी जागा त्यांच्या मधे. शेजारचे मंद तारे पडद्यावर उमटले की जमलं समज. मग कडं कागदी चिकटपट्टीनं बांधून टाक.

बांधलं म्हणजे झालं, असं नाही. पौषात संध्याकाळी लावलेला फोकस मध्यरात्री तोच राहत नाही. तासा-दोन तासांनी पट्टी सोडून पुन्हा तपासायचा, कितीही कंटाळा आला तरी.

पुढं मोठी लेन्स किंवा दुर्बीण आलीच, तर बाहतिनोव्हची जाळी वापर. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी माणसानं ती २००५ च्या सुमारास काढली. काळ्या पुठ्ठ्यात तीन दिशांच्या फटी कापायच्या आणि तो लेन्सपुढं धरायचा. ताऱ्याला तीन रेघा फुटतात. मधली रेघ बाकीच्या दोघींच्या बरोबर मधे आली की फोकस बसला. फोटो घेताना जाळी काढायची असते, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

किती सेकंद उघडं ठेवायचं? आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमीनं मृगाच्या पट्ट्याजवळचा तारा सेकंदाला साधारण एक पिक्सेल सरकतो. म्हणून तीन-चार सेकंदांचे भरपूर फोटो घे आणि संगणकावर एकावर एक रच. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅमेऱ्याला ताऱ्यांमागं फिरवणारा ट्रॅकर घेतलास तर त्याचा अक्ष ध्रुवाकडं, आपल्या ढोकीला क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. उत्तरेला लिंब किंवा बाभळ असलेला बांध त्यासाठी कामाचा नाही.

आपल्या गावाहून लातूरचा उजेड पूर्वेला, धाराशिवचा दक्षिणेला. त्रिशंकू त्या दक्षिणेच्या उजेडात बुडतो. आकाशगंगेचा गाभा मात्र चाळीस अंशांच्या वर चढतो, त्याला फारसा धक्का नाही. गाळप चालू असेल तेव्हा कारखान्याकडं पाठ कर आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यापासून लांब जा. पाणी दिलेलं रानही टाळ, तिथं दव लवकर धरतं. मुरमाड माळ बरा. काळ्या रानात ट्रायपॉडचा पाय भेगेत जातो. लेन्सवर दव आलं तर पुसू नकोस; ते येऊच नये म्हणून पॉवरबँकवर चालणारी गरम पट्टी आधीच गुंडाळून ठेव.

अमावास्या कालनिर्णयात बघ आणि रानाच्या मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेव. रात्रीची लाइट आली की माणसं मोटार चालू करायला येतात, आणि अंधारात वायरी घेऊन बसलेलं कोणीही त्यांना केबलचोरच वाटतं.