पंपाचे युनिट कोणाच्या खात्यावर?

सभासद बंधूंनो, उसाच्या वजनासाठी काट्यापाशी तासभर उभा राहणारा आपला शेतकरी विजेचे बिल मात्र न वाचताच खिशात घालतो. म्हणून या वेळी थोडे गणित करू. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच एच.पी.ची मोटर पूर्ण भाराने चालली आणि तिची कार्यक्षमता ८३ टक्के धरली, तर तासाला सुमारे साडेचार युनिट जळतात. मीटर नसलेल्या पंपाची आकारणी एच.पी.वर होते, मोटर किती तास चालली, याचा तिच्याशी संबंध नाही. आता दोन शेतकरी धरा. एकाची विहीर, शाळूला पाणी, मार्चात तळ दिसतो. वर्षाला ६०० तास मोटर. दुसरा पंचगंगाकाठचा, बंधाऱ्याचे पाणी, आडसाली ऊस, १६०० तास. पहिला २७०० युनिट वापरतो, दुसरा ७२००. आकारणी दोघांना सारखीच. म्हणजे विहीरवाल्याला युनिट अडीच पटींहून महाग पडले! सवलत शेतकऱ्याच्या नावाने, पण पदरात जास्त पडते ती आपल्यासारख्या ऊसवाल्याच्या. ज्याला कनेक्शनच नाही, त्या कोरडवाहूवाल्याला काय? काही नाही. ऐकायला बरे वाटत नाही, पण हिशेब तो हिशेब. पुण्याच्या 'प्रयास'चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९६ सालीच हा प्रश्न आकड्यांनिशी मांडला होता.

दुसरी बाजूही बघा. बिनमीटरच्या पंपांचा वापर अंदाजाने ठरतो. मग तारांतली गळती आणि चोरी 'शेतीचा वापर' म्हणून दाखवायला वाव मिळतो. नव्वदीच्या दशकात वीज मंडळ आपली गळती १५ ते १८ टक्क्यांच्या घरात सांगत असे. २००० साली राज्य वीज नियामक आयोगापुढे आकडे तपासले गेले, तेव्हा ती ३० टक्क्यांवर निघाली. तोवर बदनाम कोण झाला? शेतकरी.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली. "आता बिलच नाही, मग मोजायचे कशाला?" असे काही जण विचारतील. पण मर्यादा एच.पी.ची आहे, जमिनीची नाही. वीस एकरवाल्याचा साडेसातचा पंप मोफतीत बसतो. सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा मोठा पंप बसत नाही, आणि त्याच संस्थेचा वीस गुंठेवाला सभासद पाणीपट्टीतून विजेचे पैसे भरतो. मते मोजणाऱ्यांना एच.पी.ची रेघ सोपी जाते, एवढे खरे.

तेव्हा मोटर चालू-बंद केल्याची वेळ महिनाभर वहीत लिहा. बिलावरचा मंजूर भार आणि मोटरच्या पाटीवरचे एच.पी. ताडून पाहा. तफावत दिसली तर लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.