सिरियमच्या भट्टीपाशी

घर औंधचं, पण माझी उमेदीची वर्षं अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळांत गेली. नव्यानं या वाटेला लागणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

१. वजन करताना घाई नको. आजोबा किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत होते. १९१० साली औंध संस्थानातच वसलेली ती वाडी. रस बिघडला की नांगर शेतात मोडतो, हे ऐकतच वाढलो. सिरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात तांबं किंचित जास्त पडलं तर नमुना अतिवाहक होतो, किंचित कमी पडलं तर चुंबकीय. आर्क भट्टीत, आर्गॉन वायूत वितळवावं, गोळी उलटावी, पुन्हा वितळवावं. काट्यावरची चूक पुढचं कुठलंच यंत्र भरून काढत नाही.

२. चुंबकत्व दिसलं म्हणून नमुना टाकू नये. साध्या अतिवाहकात चुंबकीय अणूंची चिमूटभर भेसळही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडते. इथे तर सिरियमचा अणू न् अणू चुंबकीय! तरी १९७९ साली जर्मनीत फ्रँक श्टेग्लिश यांना हेच संयुग अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिवाहक झालेलं आढळलं. यातले इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड असल्यासारखे वागतात, म्हणून हे ‘जड फर्मिऑन’ पदार्थ. चुंबकीय चढउतारच त्यांच्या जोड्या जुळवत असावेत, असं मानलं जातं.

३. सिरियमच्या जागी अचुंबकीय लँथनम घालून तोही नमुना मोजावा. वरच्या संयुगात तो अतिवाहक झाला नाही, तेव्हाच सिरियमचं महत्त्व पटलं. नुसता रोध शून्य झाल्यावर विसंबू नये, भेसळीचा बारीक धागाही तेवढं करतो. विशिष्ट उष्म्यात ठसठशीत उडी हवी.

४. पुसट खुणेचा पाठलाग करावा. युरेनियम-बेरिलियममधली अतिवाहकता १९७५ साली दिसली होती, पण युरेनियमच्या धाग्यांची भेसळ समजून बाजूला पडली. १९८३ साली ती अस्सल ठरली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र उलट घडलं. इट्रियम-निकेल-बोरॉनमध्ये १२ केल्विनजवळ अतिवाहकतेचा अंधुक माग लागला. आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तो सोडला नाही. कार्बन मिसळताच सगळा नमुना अतिवाहक झाला, आणि १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. त्याच कुळात होल्मियम घातलं की चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र नांदतात, यटर्बियम घातलं की इलेक्ट्रॉन जड होतात. आपल्या मातीतल्या या कामाचा मला फार अभिमान वाटतो.

५. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला थांबू नये. सिरियम-कोबाल्ट-इंडियम २.३ केल्विनला अतिवाहक होतं, युरेनियम-प्लॅटिनम अर्ध्या केल्विनला. तेवढं थंड करायची सोय नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना नमुना पाठवावा, आणि शोधनिबंधात त्यांचंही नाव घालावं.